मिनिटांची वही

मे महिन्यात एक गृहस्थ मुलाला घेऊन भेटायला आले. मुलगा १९ वर्षांचा, मिडफिल्डर. बसल्या बसल्या वडिलांनी मोबाइल पुढे केला. फोटोत मुलगा करारावर सही करत होता, गळ्यात क्लबचा स्कार्फ, मागे पुरस्कर्त्यांच्या नावांचा पडदा. गावात या फोटोचा फ्लेक्स लागला होता, तेही त्यांनी सांगितलं. मी मुलाला विचारलं, "मागच्या सीझनला किती मिनिटं खेळलास?" तो वडिलांकडे बघायला लागला. मग हळूच म्हणाला, "४१." तीन सामन्यांत शेवटी शेवटी बदली म्हणून उतरला होता, ती सगळी धरून.

पोरगं चांगलं होतं. दोन्ही पायांनी सारखं खेळणारं, दमाचं, नम्र. क्लबने त्याला फसवलंही नव्हतं. राहणं, जेवण, पगार, सगळं वेळेवर होतं. फक्त खेळायला मिळत नव्हतं, आणि बिल्ला मोठा असल्यामुळे घरात कुणाला त्याची काळजी वाटत नव्हती. हा लेख अशाच घरांसाठी आहे. तुमचा मुलगा किंवा मुलगी १६ ते २१ या वयात असेल, मधल्या फळीत खेळत असेल आणि फुटबॉलवरच पोट भरायचं त्यांनी मनावर घेतलं असेल, तर पहिली चार-पाच वर्षं एक हिशोब सगळ्यांच्या वर ठेवा: खऱ्या सामन्यात किती मिनिटं मिळाली.

मिडफिल्डरच्या बाबतीत हे जास्तच का लागू पडतं, ते मैदानात उभं राहिलं की कळतं. गोलकीपर आणि बचावपटू यांना बहुतेक वेळ खेळ समोर दिसतो. विंगरच्या एका बाजूला रेषा असते, तिकडून कुणी अंगावर येत नाही. मिडफिल्डरला चारही बाजूंनी माणसं असतात. चेंडू पायाशी यायच्या आत पाठीमागे कोण आहे, किती अंतरावर आहे, आपला कोण मोकळा आहे, हे त्याला ठाऊक असावं लागतं. गेर योर्देत या नॉर्वेच्या संशोधकाने खेळाडूंच्या मानेच्या हालचाली व्हिडिओवरून मोजल्या. चेंडू मिळण्याआधी जे जास्त वेळा मान वळवून बघतात, त्यांचे पास जास्त बिनचूक जातात असं त्याला आढळलं. झावी आणि फ्रँक लॅम्पार्ड हे नामवंत मिडफिल्डर यात फार पुढे होते.

ही सवय लावायला मी एक साधा खेळ घेतो. घरी, गच्चीवरसुद्धा करता येईल. मुलाच्या पाठीमागे आठ-दहा पावलांवर मी उभा राहतो. समोरून दुसरा मुलगा पास देतो. पास सुटला की मी हाताची बोटं वर करतो, आणि चेंडू पायाला लागायच्या आत मुलाने मान वळवून आकडा ओरडायचा. पहिल्या दिवशी जवळजवळ सगळे चुकतात. नजर चेंडूला चिकटलेली असते, सोडवत नाही. कुणी आकडा बघतो आणि चेंडू पायाखालून निघून जातो. आठवडा-दोन आठवड्यांत दोन्ही जमायला लागतं. मग पुढची पायरी: बोटं सम असली तर उजवीकडे वळायचं, विषम असली तर डावीकडे. त्यासाठी चेंडू घेतानाच अंग तिरकं, अर्धं उघडं ठेवावं लागतं आणि चेंडू लांबच्या पायावर घ्यावा लागतो. मुलाला हे सांगावं लागत नाही, त्याचं अंगच शिकतं.

पण माझी बोटं त्याच्या घोट्यावर लाथ मारत नाहीत. ७० व्या मिनिटाला छाती भरून आलेली आहे, आपला संघ एका गोलने मागे आहे, मागून २८ वर्षांचा कसलेला गडी धावत येतोय, अशा वेळी मान वळवून बघण्याचं धैर्य सरावात येत नाही. ते फक्त सामन्यात येतं, आणि तेही दहा-वीस सामने चुका केल्यावर. म्हणून बाकावर गेलेलं वर्ष मिडफिल्डरला फार महाग पडतं.

लुका मॉद्रिचचं नाव सगळ्या पोरांना पाठ असतं, त्याची सुरुवात मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. १९८५ साली क्रोएशियातल्या झादरमध्ये तो जन्मला. युद्धात घर सोडावं लागलं आणि त्याचं कुटुंब झादरच्या हॉटेलात निर्वासित म्हणून राहिलं. हॉटेलच्या पार्किंगमध्ये तो चेंडू खेळायचा. हायदुक स्प्लिट या त्या भागातल्या मोठ्या क्लबने अंगकाठी फार लहान म्हणून त्याला घेतलं नाही. पुढे दिनामो झाग्रेबने घेतलं, पण पहिल्या संघात जागा नव्हती. २००३ मध्ये त्यांनी त्याला शेजारच्या बोस्नियातल्या झ्रिन्स्की मोस्तार या क्लबकडे लोनवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी उसना, पाठवलं. तिथला खेळ आडदांड होता आणि मॉद्रिच अगदी किडकिडीत. तरी त्याच मोसमात तो त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढच्या वर्षी पुन्हा लोन, या वेळी झाग्रेबजवळच्या इंटर झाप्रेशिच या छोट्या क्लबकडे. त्यानंतर कुठे दिनामोच्या मुख्य संघात जागा पक्की झाली. २००८ मध्ये टॉटनहॅम, २०१२ मध्ये रेआल माद्रिद, २०१८ मध्ये बॅलन डी'ऑर. मला यातली मोस्तारची सही सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या दिवशी झादरमध्ये कुणी फ्लेक्स लावला असेल असं वाटत नाही.

फ्रान्सचा मिडफिल्डर एन्गोलो कांते, त्याचंही तसंच. १९ वर्षांचा होईपर्यंत तो पॅरिसच्या उपनगरातल्या सुरेन या हौशी क्लबात खेळत होता. २०१० मध्ये बुलोन्यला गेला, आधी राखीव संघात, मग फ्रान्सच्या तिसऱ्या श्रेणीत. २०१३ मध्ये काँ, २०१५ मध्ये लेस्टर, २०१६ मध्ये प्रीमियर लीगचं विजेतेपद आणि २०१८ मध्ये विश्वचषक. तिसऱ्या श्रेणीतलं ते वर्ष कुणी वाया गेलं म्हणेल का?

आपल्याकडचंही उदाहरण आहे. २०१७ मध्ये भारतात १७ वर्षांखालील विश्वचषक झाला. दिल्लीत ९ ऑक्टोबरला कोलंबियाविरुद्ध जिक्सन सिंगने कॉर्नरवर हेडरने गोल केला, तो फिफाच्या विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. जिक्सन मिडफिल्डर. त्या संघातल्या मुलांना भारतीय फुटबॉल फेडरेशनने 'इंडियन अ‍ॅरोज' या नावाखाली आय-लीग या देशातल्या व्यावसायिक लीगमध्ये उतरवलं. एकही परदेशी खेळाडू नाही, सगळी पोरं विशीच्या आतली, समोर कसलेले व्यावसायिक. आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्यातलाच. चेन्नई सिटीविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याने दोन गोल केले. अ‍ॅरोज पुढे भरपूर हरले, पण पोरांना ९०-९० मिनिटं मिळाली. ऐझॉलचा लालेंगमाविया राल्ते, ज्याला सगळे अपुइया म्हणतात, याच वाटेने आला. अ‍ॅरोजनंतर २०१९ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडला गेला, २० व्या वर्षी त्या संघाचं नेतृत्व केलं आणि २०२०-२१ चा इंडियन सुपर लीगमधला (आयएसएल) उदयोन्मुख खेळाडू ठरला. मुंबई सिटीची मोठी ऑफर आली ती त्यानंतर, आणि तो तिथे आला तो थेट खेळायला. हा क्रम नीट बघा. अ‍ॅरोज २०२२ मध्ये बंद झाला, ही माझ्या मते आपल्या फुटबॉलची मोठी हानी आहे. आता त्या वयाला रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग आहे, २०२२ मध्ये गोव्यात सुरू झालेली, मुख्यतः २१ वर्षांखालच्यांसाठी. चांगली सोय आहे, पण मोठ्यांच्या लीगची बरोबरी तिला नाही.

आता क्लब निवडण्याचं. ट्रायलमध्ये निवड झाली की घरात पेढे वाटले जातात. जरूर वाटा. पण सही करण्याआधी क्लबच्या माणसाला चार गोष्टी विचारा. मुलाच्या जागेवर आधीच किती जण आहेत, त्यांची वयं काय, करार किती वर्षांचे? आयएसएलमध्ये २०२१-२२ पासून एका वेळी चार परदेशी मैदानात असू शकतात, आणि त्यातला एखादा तरी बहुतेक क्लब मधल्या फळीतच घेतात. म्हणजे जागा तीन, त्यातली एक गेली, उरलेल्या दोनांवर पाच-सहा भारतीय. मुख्य संघात जागा नसेल तर राखीव संघ कोणत्या स्पर्धा खेळतो आणि वर्षाला त्याचे सामने किती होतात? गेल्या दोन वर्षांत या क्लबने २१ वर्षांखालच्या किती मुलांना मुख्य संघातून सामना सुरू करायला दिला? आणि मुलाला लोनवर पाठवायची त्यांची तयारी आहे का? उत्तरं गुळमुळीत आली तर तेही उत्तरच समजा.

लोनला आपल्याकडे अजून "टाकून दिलं" असं समजतात. तसं नाही. पण लोनही डोळे उघडे ठेवून घ्यावा. जिथे जायचंय तिथला प्रशिक्षक मुलाला खेळताना पाहून मागतोय का, की दोन क्लबांच्या ऑफिसांनी आपसात ठरवलंय? पगार कोण देणार, दुखापत झाली तर उपचार कोण करणार? आणि संघ कसा खेळतो? सगळे चेंडू उंच उडवून थेट पुढे टाकणाऱ्या संघात बारीक पास देणाऱ्या मिडफिल्डरची ९० मिनिटं मान वर करून आकाश बघण्यात जातात.

बिल्ल्याची भूल किती फसवी असते ते पुणेकरांनी पाहिलंय. पुणे एफसी आय-लीगमध्ये नावाजलेला संघ होता, तो राहिला नाही. त्यानंतरचा एफसी पुणे सिटी आयएसएलमध्ये २०१४ ते २०१९ पर्यंत होता, तोही बंद झाला. मुंबई एफसी गेला. गोव्यात तर धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तीन क्लबांनी २०१६ मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतलं. ज्या पोरांकडे खेळलेले सामने होते, त्यांना दुसरीकडे दार उघडलं. ज्यांच्याकडे फक्त जर्सी होती, त्यांची फार ओढाताण झाली.

म्हणून वही. साधी शंभर पानी. प्रत्येक सामन्याला एक ओळ: तारीख, स्पर्धा, प्रतिस्पर्धी, कोणत्या जागेवर खेळला, किती मिनिटं. त्याखाली दोन वाक्यं, मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलेली: कुठे चेंडू गेला आणि का गेला. "वाईट खेळलो" असं लिहू देऊ नका, त्यातून काही हाताला लागत नाही. १८ वर्षांच्या मुलाला वर्षात १५०० मिनिटांच्या आसपास खऱ्या स्पर्धेतला खेळ मिळाला तर मी ते चांगलं वर्ष धरतो. हा माझा अंदाज आहे, कुठला नियम नाही. लागोपाठ दोन हंगाम आकडा ५०० च्या खाली राहिला, तर क्लब कितीही मोठा असो, बोलायला बसायची वेळ झाली.

वहीबरोबर व्हिडिओ ठेवा. स्ट्रायकरचे गोल जोडून दोन मिनिटांची फिल्म होते. मिडफिल्डरचं काम त्यात दिसतच नाही. वाट अडवणं, दोन पावलं सरकून प्रतिस्पर्ध्याचा पास बंद करणं, हे दिसायला अख्खा सामना लागतो. स्टँडच्या वरच्या पायरीवरून, चेंडूमागे न धावता, जास्तीत जास्त मैदान दिसेल असा एक पूर्ण सामना मोबाइलवर घ्या. जाणता प्रशिक्षक गाणं लावलेल्या क्लिपपेक्षा असा एक सामना मागेल.

कागदपत्रांत आपली माणसं फार भोळी असतात, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. फिफाच्या नियमाप्रमाणे १८ वर्षांखालच्या खेळाडूला तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा व्यावसायिक करार करता येत नाही. "मेडिकल पास झाला तरच करार लागू" अशी अटही चालत नाही, तपासणी सहीच्या आधी व्हायला हवी. पगार वर्षाचे बारा महिने आहे की फक्त हंगामापुरता, हे वाचा. मुदतवाढीचा हक्क फक्त क्लबला दिलेला असेल तर वाढलेल्या वर्षाचा पगार आकड्यात लिहून घ्या. दुखापतीचा खर्च, शस्त्रक्रिया आणि नंतरची फिजिओथेरपी कुणाच्या खिशातून, हे तोंडी ठेवू नका. मोठा हप्ता "२० सामने खेळल्यास" असा असेल तर तो मिळणार नाही असं धरूनच घरचं बजेट आखा. दोन महिन्यांचे पगार थकले, तर लेखी नोटीस देऊन १५ दिवसांची मुदत द्यायची, आणि तरी पैसे आले नाहीत तर खेळाडूला रास्त कारणाने करार मोडता येतो. नोटीस लेखीच हवी, व्हॉट्सअ‍ॅपवर रडून उपयोग नाही. कराराचे शेवटचे सहा महिने उरले की दुसऱ्या क्लबशी बोलणी करायची मोकळीक असते. आणि सह्या झालेली प्रत तिथल्या तिथे मागून घ्या. "नंतर पाठवतो" म्हणाले तर पेन खाली ठेवा. वकिलाला दाखवायचे चार पैसे वाचवू नका.

करार झाल्यावर गावाकडच्या स्पर्धा जवळपास बंद होतात. कोल्हापूरच्या पेठांमध्ये ही गोष्ट मनाला फार लागते. तालमीच्या फुटबॉल संघाचा सामना, शाहू स्टेडियम भरलेलं, लहानपणीचे मित्र म्हणतात एवढा एक खेळ. क्लबची लेखी परवानगी नसेल तर खेळू देऊ नका. तिथे गुडघा गेला तर क्लब हात वर करेल, आणि ते नियमाला धरून असेल. तालमींना आणि छोट्या अकादमींनाही एक सांगतो. १२ व्या वर्षापासून मुलांची रीतसर नोंदणी करा. मुलगा पुढे व्यावसायिक झाला तर त्याला घडवणाऱ्या क्लबांना प्रशिक्षणाची भरपाई मिळण्याची तरतूद फिफाच्या नियमांत आहे, पण नोंद नसेल तर कुठल्या तोंडाने मागणार?

एजंटच्या नावाखाली हिंडणाऱ्यांची तर रांगच असते. फिफाचा परवाना आहे का, हे आधी बघा. परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर आहे. प्रतिनिधित्वाचा करार दोन वर्षांपेक्षा जास्त करता येत नाही, आणि मूल अज्ञान असेल तर पालकांची लेखी संमती लागते. "स्पेनमध्ये ट्रायल लावतो, एवढे लाख द्या" म्हणणारा माणूस दारात आला तर एवढं लक्षात ठेवा: १८ वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली, मोजके अपवाद सोडले तर, फिफाने बंदच केलेली आहे. तिथे पैसे भरून महिनाभर सराव करता येईल, पण तो सहलीचा खर्च झाला.

जन्मदाखल्याशी खेळू नका. वय पडताळायला हाडांची तपासणी होते, आणि पकडलं गेलं तर बंदी तर येतेच, पण मुलगा आयुष्यभर मान खाली घालून चालतो.

शरीराबद्दल थोडक्यात. व्यावसायिक सामन्यात मिडफिल्डर १० ते १२ किलोमीटर पळतो. उंची भराभर वाढण्याच्या वयात गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं, तेव्हा "सहन कर" म्हणू नका, भार कमी करा आणि डॉक्टरांना दाखवा. फिफाने तयार केलेला '११+' हा २० मिनिटांचा वॉर्मअप आठवड्यातून निदान दोनदा नीट केला तर दुखापती बऱ्याच टळतात. जेवण घरचंच पुष्कळ आहे: भाकरी, उसळ, अंडी, दूध, केळी, शेंगदाणे. डब्यातल्या पावडरींपासून मात्र सांभाळा. त्यात बंदी घातलेलं द्रव्य निघालं तर "मला माहीत नव्हतं" हे उत्तर नाडा, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था, ऐकून घेत नाही. सर्दीच्या काही साध्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिनसुद्धा सामन्याच्या काळात अडचणीत आणतं. गोळी घ्यायच्या आधी संघाच्या डॉक्टरांना विचारायची सवय १६ व्या वर्षीच लावा.

शिक्षण सोडू नका, हे मी जीव तोडून सांगतो. २०२५ मध्ये आयएसएलचा हंगाम वेळेवर सुरूच होऊ शकला नाही आणि काही क्लबांनी पगार थांबवले. तिथे नावाजलेले खेळाडू घरी बसले, तुमच्या मुलाचं काय सांगावं. बारावी मुक्त विद्यालयातून करता येते, पदवीही बाहेरून होते. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात, म्हणून प्रत्येक प्रमाणपत्र, संघयादी, निवडपत्र एका फाइलमध्ये ठेवा आणि पडताळणीची चौकशी जिल्हा क्रीडा कार्यालयात वेळेत करा. रेल्वे, पोलीस, सेनादलं यांचे संघ आजही आहेत, तिथे नोकरीही मिळते आणि खेळही.

त्या ४१ मिनिटांच्या मुलाशी मी तासभर बोललो. वडील गप्प ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हणजे खाली जायचं?" मी म्हणालो, "खेळायला जायचं." क्लबने अडवलं नाही, सामंजस्याने करार संपवला. ऑगस्टमध्ये तो मुंबईत एका संस्थेच्या संघात गेला. पगार निम्मा, खोलीत चौघं, पहाटेच्या लोकलने सराव. दर सोमवारी तो मला वहीच्या पानाचा फोटो पाठवतो. मागच्या पानावर चार सामने होते: ९०, ९०, ७४, ९०. चौथ्याखाली निळ्या पेनाने लिहिलं होतं, "३१ आणि ६६ व्या मिनिटाला मागचा माणूस बघितला नाही. दुसऱ्यांदा त्याच्या खांद्याचा धक्का लागल्यावर कळलं."